घरच्या शब्दाचा शनिवार

नातीला शाळेत सोडायला मी जातो. सात रस्ता चौकाच्या गर्दीतून एका हातात तिचं दप्तर, दुसऱ्या हातात तिचा हात, आणि आडव्यातिडव्या रिक्षा घालणाऱ्यांना तोंडातल्या तोंडात शिव्या. शाळेचं फाटक आलं की ती हात सोडवून घेते, मान खाली घालून आत जाते, मागं वळून बघत नाही. मी मात्र तिथंच उभा राहतो. वॉचमनला वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला असेल. दम लागलेला नसतो. ही माझीच शाळा आहे. पहिली ते चौथी मी याच फाटकातून आत गेलोय, आणि आत जाताना कधी मान खाली घातल्याचं मला आठवत नाही.

शाळा चर्चची. कधीकाळी इंग्लंडहून आलेल्या पाद्र्यांनी काढलेली, म्हणून आमच्या लहानपणी गल्लीत तिला 'सायबाची शाळा' म्हणत. साहेब आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. सकाळची प्रार्थना, येशूच्या गोष्टी आणि नाताळाला हातावर पडणारा केकचा तुकडा, एवढंच काय ते सायबाचं उरलेलं. बाकी सगळा कारभार मराठी. पोरगं बाटेल या भीतीनं आईनं माझं नाव घालायला विरोध केला होता. वडील शेळ्या-मेंढ्या विकून गावाकडून शहरात आलेले. ते म्हणाले, "बाटंल तवा बाटंल. आदी लिवाय-वाचाय तर येऊ दे की."

शाळा काही सोन्याची नव्हती. वर पत्रा, त्यामुळं मार्चपासून भट्टी. गणिताचे गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहायचे आणि आम्ही ते सोडवेपर्यंत खुर्चीत डोळे मिटायचे. भागाकाराशी माझं आजही वाकडं आहे ते त्यांच्यामुळं. पण पहिलीच्या वर्गाला एक बाई होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती बाई. पांढरी सुती साडी, पायांत काळ्या चपला, आणि आवाज असा, की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यालाही ऐकू जावा आणि तरी कुणावर ओरडल्यासारखा वाटू नये.

त्यांच्यापुढं बसायची ती पोरं म्हणजे नुसता बाजार होता. विणकरांच्या घरची पोरं तेलुगू बोलायची. काहींच्या घरी दखनी उर्दू. अक्कलकोटकडून आलेल्यांच्या घरी कन्नड. आणि आमच्यासारखी 'हाय-न्हाय'वाली, ज्यांच्या मराठीला पुस्तकातल्या मराठीनं ओळख दाखवली नसती. दुसरी एखादी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. बाईंनी त्यातून एक रीत काढली. शनिवारी सकाळची शाळा असायची. त्या दिवशी पुस्तक बंद. टेबलावर एकच वस्तू ठेवायची, कधी कंगवा, कधी सुई, कधी केरसुणी. एकेकानं उठून तिला आपल्या घरात काय म्हणतात ते सांगायचं. मग कुणीतरी एकानं त्या वस्तूची गोष्ट आपल्या घरच्या भाषेत सांगायची, आणि तीच गोष्ट दुसऱ्यानं मराठीत. सगळं झाल्यावर मग बाई खडू उचलायच्या. म्हणायच्या, "आधी तुमच्या घरचा शब्द आणा, मग मी शाळेतला देते."

एका शनिवारी त्यांनी वाटीत मीठ आणलं. आम्ही मीठ म्हणालो, दखनी बोलणारे नमक म्हणाले. अक्कलकोटकडची एक मुलगी उठून म्हणाली, उप्पू. तिच्यामागून विणकराचा मुलगा उठला आणि तोही म्हणाला, उप्पू. वर्गानं एकच गलका केला, यानं चोरलं, यानं चोरलं. पोराचा चेहरा रडवेला झाला. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि त्याला विचारलं, तुला हा शब्द कुणी सांगितला? तो म्हणाला, माझ्या अम्मानं. मुलगी म्हणाली, आणि मला माझ्या अव्वानं. दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं, जणू जत्रेत हरवलेलं नात्यातलं कुणी सापडावं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती दोघं डबा शेजारी बसून खायला लागली.

बाईंचा अजून एक नियम होता. दुसऱ्याच्या बोलण्याला जो हसेल त्यानं आठवडाभरात त्याच मुलाकडून एक गोष्ट शिकायची आणि पुढच्या शनिवारी त्याच्याच भाषेत सगळ्यांसमोर सांगायची. मी जन्माचा हसरा. त्यामुळं वर्गात सगळ्यांत जास्त भाषा मला आल्या.

याच शिक्षेवर मी पुढं भाकरी कमावली. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी लागली आणि काचेच्या खोलीत माईकपुढं बसून गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं. खिडकीशी माणूस यायचा, कन्नडमध्ये विचारायचा, मी म्हणायचो, बस बंतु. त्याच्या मागचा तेलुगूत विचारायचा, मी म्हणायचो, बस ओच्चिंदी. दोन्हीचा अर्थ एकच, बस आली. म्हाताऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून माझ्याकडं बघायच्या आणि विचारायच्या, तू आमच्यातला काय रं? मी सगळ्यांना व्हय म्हणायचो. खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही.

बाई निवृत्त होऊन नगरला गेल्या आणि शनिवार बंद पडला. कुणी बंद केला नाही, पुढं कुणी केलाच नाही. माझा मुलगा शाळेत गेला तोवर तिथं शनिवारी पाढे होते. मी विचारायला जायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला वाटलं, शाळा तीच आहे, भिंती त्याच आहेत, चाललंय ते ठीकच असेल. बाईंनी केलेलं सगळं आम्ही शाळेच्या नावावर जमा करत राहिलो. मी तर चार लोक जमले की शाळेचीच टिमकी वाजवायचो.

मुलगा चिंचोळीला एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याचं मत वेगळं. मराठी शाळेनं आपला घात केला असं त्याला वाटतं. साहेब लोकांची मीटिंग असली की हा मागच्या खुर्चीत. एकदा मला म्हणाला, "बाबा, तुमाला चार भाषा येत्यात, खरं हाय. पण कंपनीत जी लागतीय तीच त्यात न्हाय." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सून मैंदर्गीची. घरात कन्नड, शाळा मराठी. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी तिच्या आईशी मोडक्या कन्नडमध्ये बोललो, तर ती माउली तोंडाला पदर लावून हसली आणि लग्न तिथंच ठरलं म्हणा ना. नात झाली. ती बोलायला लागली तीच तीन तोंडांनी. आईशी कन्नड, माझ्याशी आणि बापाशी मराठी, शेजारच्या काकूंशी तेलुगू. कुणाशी काय बोलायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मिठाचं तिला भारी वेड. ताटात चिमूटभर जादा लागायचंच. बरणी माझ्याजवळ असली की "आज्जा, मीठ", आईजवळ असली की "अव्वा, उप्पू". मी तिला त्या शनिवारची गोष्ट सांगितली होती. ती रोज रात्री जेवताना तीच मागायची आणि "चोरलं, चोरलं" असं ओरडायचं काम स्वतःकडं ठेवायची.

सून ती गोष्ट भांडी आवरता आवरता ऐकायची. शाळेचं नाव घालायची वेळ आली तेव्हा मुलाच्या मनात दुसरी एक शाळा होती, बायपासकडची, बसवाली. सूनच म्हणाली, न्हाय, मामांच्या शाळेत घालायचं. शाळा तोवर पूर्ण इंग्रजी झाली होती, त्यामुळं मुलगाही खूष. एका दगडात दोन पक्षी. आणि मी? माझी छाती फुगली. प्रवेशाच्या दिवशी मी तिला फाटकाशी उभं करून तिचा फोटो काढला.

पहिल्याच आठवड्यात तिनं वर्गात बाटलीतलं पाणी प्यायची परवानगी मागितली. नीरू म्हणाली असणार, कारण तहान लागली की ती आईचीच भाषा बोलायची. त्या वर्गात एक लाकडी पट्टी आहे, दोरा ओवलेली. इंग्रजी सोडून दुसरं काही बोललं की ती गळ्यात घालतात, आणि पुढचं कुणीतरी चुकेपर्यंत ती तिथंच राहते. त्या दिवशी ती हिच्या गळ्यात आली. हे आम्हाला तिनं सांगितलं नाही, तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं रिक्षाची वाट बघताना सहज सांगितलं. मग मला कळलं की पाण्याची बाटली रोज भरलेली परत का येते.

थोड्या दिवसांनी पालकांची मीटिंग झाली. बाई, म्हणजे आताची टीचर, मुलाला आणि सुनेला म्हणाली की ही वर्गात एक शब्द बोलत नाही, बोलण्याचा प्रॉब्लेम दिसतोय, डॉक्टरला दाखवून घ्या. आणि घरी तिच्याशी फक्त इंग्लिशमध्ये बोला, घरात तीन-तीन भाषा असल्या की मूल गोंधळतं. मी नंतर हे ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. जे मूल शाळेत जाईपर्यंत एकदाही गोंधळलं नव्हतं, ते गोंधळतं म्हणे. डॉक्टरनं कान बघितले, घसा बघितला, सगळं ठीक आहे म्हणाला.

पण सून घाबरली होती. तिनं त्या दिवसापासून पोरीशी कन्नड बंद केलं. इंग्रजी तिला येतं ते कितीसं? कम, सिट, ईट, स्लीप. वेणी घालताना पूर्वी तिचं तोंड सुरू असायचं, मैंदर्गीच्या बाजारातल्या गमती, तिच्या लहानपणची शेळी, कुठलं तरी गाणं. आता ती वेणी घालते आणि "डोन्ट मूव्ह" म्हणते. तेवढंच. आईजवळ लेकीला सांगण्यासारखं सगळं होतं, आणि सांगायला चार शब्द उरले होते. लेकीनं ते चार शब्द ऐकले आणि तिच्या लक्षात आलं असावं, की आता घरीही शाळाच आहे. मग तिनं माझ्याशीही बोलणं सोडलं. मान हलवते. बोटानं दाखवते. रात्रीची गोष्ट मी सांगायला लागलो तर उठून जाते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी ही इंग्रजी. तिखट झाल्याचं मला एवढं दुःख नाही. आधीपासून ज्या भाषा होत्या त्यांना तिनं घरातनं बाहेर काढलं, याचं आहे.

शेवटी मीच हेडबाईंना भेटायला गेलो. मुलगा म्हणाला, नका जाऊ, हात दाखवून अवलक्षण होईल. सुनेनं मात्र इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

हेडबाई तरुण आहेत. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी या शाळेचा विद्यार्थी म्हटल्यावर त्यांनी खरोखर आनंदानं विचारपूस केली. मी त्यांना शनिवारचं सगळं सांगितलं, कंगवा, सुई, मिठाची वाटी, हसणाऱ्याची शिक्षा. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही. मग म्हणाल्या, "आजोबा, ऐकून खूप छान वाटलं. पण मी हे आज सुरू केलं तर पुढच्या जूनमध्ये माझ्याकडं मुलं येणार नाहीत." शेवटचा मराठी वर्ग मुलं नाहीत म्हणूनच बंद करावा लागला, असं त्यांनी सांगितलं. पालक दारातून आत आले की पहिला प्रश्न, मुलं इंग्लिश बोलतात का? मी म्हटलं, निदान ती पट्टी तरी काढा. त्या म्हणाल्या की पट्टी त्यांनाही आवडत नाही, पण पालकांना आवडते. काही तर विचारतात, अजून कडक का नाही करत. भिंतीवर जुन्या शिक्षकांचे फोटो होते. मी बाईंना शोधलं. त्या नव्हत्या. पहिलीच्या बाईचा फोटो कोण लावतंय?

बाहेर आलो तेव्हा मला राग यायला हवा होता आणि येत नव्हता. ती हेडबाई वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिला माझी गोष्ट आवडली होती, आणि एवढंच होतं. मी आयुष्यभर ज्या शाळेचं नाव घेत होतो ती कधीच एक शाळा नव्हती, एक बाई होती. तिनं केलं ते कुणी कुणाला शिकवलं नाही. आम्ही तिच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एकही जण शिक्षक झाला नाही. कुणी दुकान टाकलं, कुणी माग चालवला, मी गाड्या पुकारल्या.

त्या दिवशी मुलाची दुसरी पाळी होती. संध्याकाळी सून भाकऱ्या थापत होती, नात बाहेरच्या खोलीत पुस्तकातल्या चित्रात रंग भरत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलो आणि सुनेला सगळं सांगितलं. म्हटलं, शाळा बदलायची का नाही ते मागनं बघू. पण आजपासून पोरीशी तुझ्या भाषेत बोल. तुझं ऐकल्याशिवाय ती बोलायची नाही. हे मी कन्नडमध्येच म्हणालो, म्हणजे आत कुठंतरी लागेल.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. उत्तर मराठीत दिलं.

"मामा, तुमाला कुणी हसलं न्हाय शाळेत. हसणाऱ्याला तुमच्या बाई शिक्षा करायच्या. आमच्याकडं बाईच पहिलं हसायची. मी तोंड उघडलं की सगळा वर्ग वाट बघायचा, आता ही काय चुकतीय. धावीपर्यंत मी वर्गात आपणहून एक शब्द बोलले न्हाय. डीएड करायचं हुतं मला, ते पन त्याच भीतीनं ऱ्हायलं. तुमची ती गोष्ट मी रोज ऐकायची, भांडी लावत. वाटायचं, माझ्या लेकीला तसली शाळा मिळू दे. म्हणून मीच हट्ट केला. आता त्या शाळेत जी भाषा चालतीय ती तिला आली तर तिला तरी कुणी हसणार न्हाय."

माईकपुढं बसून उभ्या स्टँडला ऐकवणारा माणूस मी, आणि उंबऱ्यात बसून ऐकत राहिलो. ती गप्प बसून शिकलेली होती आणि तिची लेक गप्प बसून शिकत होती. मला सांगायचं होतं, की अगं, तू त्या वर्गात असतीस तर मी तुला हसलो असतो, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर तुझी गोष्ट तुझ्या भाषेत सांगितली असती. पण तो वर्ग कुठं आहे? मी नुसताच उठलो आणि पानं मांडली.

जेवायला तिघं बसलो. आमटी अळणी होती. सुनेच्या हातून असं कधी होत नाही. त्या बोलण्याच्या नादात ती मीठ घालायला विसरली होती. मी एक घास खाल्ला आणि थांबलो. तिनंही खाल्ला आणि तीही थांबली. मिठाची बरणी मागं ओट्यावर होती. तिला ती घेता आली असती, मलाही आली असती. आम्ही दोघंही पोरीकडं बघत राहिलो.

तिनं आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा तोंडात घातला. भुवया वर गेल्या. आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ उघडले. या एका गोष्टीसाठी तिच्याजवळ दोन शब्द होते, आणि कुठलाही चालला असता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण, बाळा, काय पण म्हण. आईनं हातातला घास खाली ठेवला होता.

तिनं ओठ मिटले. उठली, स्टूल ओढून ओट्याजवळ नेलं, वर चढून बरणी काढली. स्वतःच्या ताटात चिमूटभर घातलं. मग माझ्या ताटात घातलं, मग आईच्या. सांडलं नाही जराही. बरणीचं झाकण लावलं आणि जागेवर येऊन बसली.

सुनेचे डोळे भरून आले होते. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता म्हणेल, नक्की म्हणेल. ती म्हणाली, "थँक यू."

पोरीनं मान वर केली आणि शिकवलंय तसं, स्पष्ट उच्चार करून म्हणाली, "वेलकम."

कित्येक दिवसांतला तिचा घरातला तो पहिला शब्द होता.